पार्किंगच्या कॉलमला कार्बनची पट्टी: भूकंपात किती कामाची?

कोल्हापूर कोयनेपासून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडे अपार्टमेंट फारशी नव्हतीच. आता खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले, अशा बिल्डिंग गल्लोगल्ली दिसतात. म्हणून जुन्या कॉलमना फायबर गुंडाळायची टेक्नॉलॉजी नेमकी काय करते, हे समजून घेऊया.

आधी उसाची मोळी डोळ्यांसमोर आणा. बांधलेलं वाढं सुटलं की सगळा ऊस पसरतो. कॉलममध्ये वाढ्याचं काम आडव्या रिंगा करतात. जुन्या बांधकामात त्या लांब-लांब असतील, तर जोराच्या हादऱ्यात काँक्रीट बाहेर फुटतं, उभ्या सळ्या वाकतात आणि कॉलम बसतो.

इथं फायबर कामाला येतं. कार्बन किंवा काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीनं कॉलमभोवती घट्ट चिकटवतात. म्हणजे बाहेरून नवं वाढंच बांधल्यासारखं! कॉलम फुटण्याआधी जास्त हेलकावे सोसतो आणि पार्किंगची जागाही जात नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली.

मग गुंडाळलं की झालं का? नाही. चौकोनी कॉलमचे कोपरे आधी गोल करावे लागतात, नाहीतर कापड तिथंच फाटतं. दुसरं म्हणजे गंज. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी होतं, त्यांनी आधी सळ्या तपासायला हव्यात. गंजावरच कापड चढवलं तर आतलं दुखणं फक्त झाकलं जातं.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिसरी आहे. २००१ च्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेतही बिल्डिंग कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच बिल्डिंगना खाली मोकळं पार्किंग होतं. वर भिंती, खाली नुसते कॉलम, त्यामुळे सगळी हालचाल खालच्याच मजल्यावर येते. फायबरनं तो मजला फारसा ताठ होत नाही. त्यासाठी काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती किंवा लोखंडी तिरके आधार लागतात.

त्यामुळे कोटेशनच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. पुढच्या मीटिंगला घरच्यांबरोबर जा आणि एकच विचारा: आपलं शेवटचं ऑडिट कधी झालं?