बाकावर बसलेली बाई

मैत्रिणींनो, शिक्षणासाठी दोन वर्षं व्हिएन्नाला राहिले. तिथल्या राजवाड्यांबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मी राहायचे ते डॅन्यूब नदीपलीकडच्या फ्लोरिड्सडॉर्फ या साध्या, कामकरी वस्तीत.

सुरुवातीला तिथेही मी इथल्यासारखीच चालायचे. पर्स छातीशी, नजर खाली, पाऊल भरभर. महिन्याभराने एका संध्याकाळी लक्षात आलं, आपण अर्धा तास एका बाकावर नुसत्या बसलो आहोत. कुणाची वाट बघत नाही, काही काम नाही, आणि 'इथे का बसलीस?' असं कुणी विचारलेलंही नाही. पुण्यात पंचवीस वर्षं काढली, पण अशी बसल्याचं आठवत नाही.

'तो देशच पुढारलेला' असं म्हणून आपण हा विषय मिटवतो. मला ते पटत नाही. १९७५च्या सुधारणेपर्यंत तिथल्या कायद्यातही नवरा हाच कुटुंबप्रमुख होता. मोकळेपणा आपोआप आला नाही. १९९१ साली नगररचनेत काम करणाऱ्या स्त्रियांनी तिथे एक छायाचित्र प्रदर्शन भरवलं. प्रश्न एकच होता: सार्वजनिक जागा कुणाची? मूल पाळणाघरात सोडून, बाजार करून, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन कामावर जाणाऱ्या बाईचा दिवस त्यांनी शहरापुढे मांडला. पुढच्याच वर्षी महापालिकेत स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय झालं. माझ्याच वस्तीत स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली ३५७ घरांची वसाहत १९९७मध्ये पुरी झाली. आवारातच बालवाडी, जिन्यात उजेड, बाबागाडी ठेवायला मजल्यावरच जागा. म्हणजे बाईची भीती हा तिच्या स्वभावाचा दोष न मानता नकाशाचा दोष मानला गेला.

पण हुरळून जाऊ नका. त्याच बाकावर माझ्या शेजारी एक स्लोव्हाक बाई बसायची. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींना ती फिरायला आणायची. दोन आठवडे आजींच्या घरी चोवीस तास राहायचं, मग दोन आठवडे आपल्या गावी. तिची मुलं तिच्या आईकडे वाढत होती. अशा परदेशी कामगारांच्या मायदेशी राहणाऱ्या मुलांचा कुटुंबभत्ता ऑस्ट्रियाने २०१९पासून कमी केला होता. तिथे महागाई कमी, हे कारण. युरोपीय न्यायालयाने २०२२मध्ये ते बेकायदा ठरवलं. एकीला कामावर जाता यावं म्हणून दुसरीने आपली मुलं मागे ठेवायची, हे कुठल्याच नकाशात दिसत नाही. आपल्याकडच्या घरकामगार मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा मी काय घेऊन आले? बाकाचं कौतुक नव्हे, मोजण्याची सवय. मुंबईतल्या गटांनी २०११मध्ये 'राइट टू पी'ची मोहीम सुरू केली, तेव्हा स्त्रियांच्या मुताऱ्या मोजूनच पालिकेला जाब विचारला. तसंच आपापल्या वॉर्डात करू या. एका दिवसात कोण कुठे चालते, दिवे कुठे नाहीत, बाई कुठे टेकू शकते, ते लिहून काढू. त्या यादीत पहाटे रस्ता झाडणारी आणि दुसऱ्याचं मूल सांभाळणारी पहिली असू दे.

आणि हो, आज संध्याकाळी एखाद्या कट्ट्यावर पंधरा मिनिटं नुसत्या बसून बघा. कोण काय म्हणतं, ते गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा.