कापडी पिशवीचं पुण्य



पर्व जवळ आलं की प्रभावनेत काय द्यायचं याची चर्चा सुरू होते. यंदा बऱ्याच ठिकाणी ठरतंय की प्रत्येकीला नाव छापलेली ‘इको-फ्रेंडली’ कापडी पिशवी द्यायची. ऐकायला छान आहे. पण मला त्यावर थोडं कडू बोलायचंय.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली. दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. मॉलवाल्यालाही तोच आणि पाटीत मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशींनाही तोच. 1 जुलै 2022 ला देशभर बंदी आली. तिच्या यादीत स्ट्रॉ, चमचे, फुग्याच्या काड्या, मिठाईच्या बॉक्सवरचं पातळ वेष्टन आहे. वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि शाम्पूच्या पुड्या नाहीत. त्यांना ‘उत्पादकाची जबाबदारी’ हा वेगळा नियम. म्हणजे कंपनीने हिशेब सादर करायचा आणि मावशींनी जागेवर पावती फाडायची!

“मग तुला प्लास्टिक हवंय का?” असं कुणी विचारेल. नकोच आहे. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली तेव्हा नाल्यांत अडकलेल्या पिशव्या सगळ्यांनी पाहिल्या. गाईच्या पोटात जाणारं प्लास्टिक आपल्याला तर बघवतही नाही. माझं भांडण बंदीशी नाही, बंदीचा भार कुणावर टाकला याच्याशी आहे.

आता कापडी पिशवीकडे या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये हिशेब मांडला. साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी फक्त हवामानाच्या दृष्टीने 52 वेळा वापरावी लागते. सगळे परिणाम तपासून त्यातला सर्वांत वाईट धरला तर 7,100 वेळा, म्हणजे रोज एकदा बाजारात गेलं तरी 19 वर्षं. त्यात गटारात तुंबणाऱ्या कचऱ्याचा हिशेब नाही, म्हणून मोठा आकडा सोडून देऊ. 52 वेळा तरी? कपाटात घडी घालून ठेवलेल्या पिशव्या मोजा आणि स्वतःच सांगा.

शिवाय कापूस आभाळातून पडत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने 20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारणीत मेलेले जीवजंतू तर कुणी मोजलेच नाहीत. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, न लागणारी पिशवी शिवून घेतो आणि तिला अहिंसा म्हणतो?

वसुंधरेच्या नावाने भाषणं करणाऱ्यांचंही असंच. 2023 ची जागतिक हवामान परिषद दुबईत झाली. 80,000 हून जास्त लोक तिथे जमले आणि अध्यक्ष होते तिथल्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. तिथून उपदेश येतो की गृहिणींनी सवयी बदलाव्यात. आपल्या आज्या एका लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं करत होत्या. त्याला तेव्हा ‘जुनाट’ म्हणत. आज तेच ‘सस्टेनेबल’ म्हणून दुप्पट भावाने विकायला येतं.

अपरिग्रह म्हणजे चांगली वस्तू जास्त घेणं नव्हे, वस्तूच कमी घेणं. एवढं साधं आहे. पण कमी घेण्यात कुणाला विक्री नाही, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने आधी कारखान्याच्या दारात जावं, मग पाटीवाल्या मावशींच्या. आणि आपण यंदा प्रभावनेत पिशवी देऊ नये. ते पैसे जीवदयेला द्यावेत. बाजारात जाताना घरातली जुनीच पिशवी न्यावी, फाटली तर टाका घालावा.

मंडळाच्या बैठकीत मी हेच बोलणार आहे. पटलं तर तुमच्याकडेही बोला.

जय जिनेंद्र.