मागच्या बाकावरचा साक्षीदार

न्यूयॉर्कमधील २६, फेडरल प्लाझा या सरकारी इमारतीत स्थलांतरितांचे खटले चालतात. तेथील न्यायदालनांत मागच्या बाकांवर अलीकडे काही सामान्य नागरिक वही-पेन घेऊन बसू लागले आहेत. ते ना वकील, ना पक्षकार. दुभाषी मिळाला का, वकील होता का, न्यायाधीशांनी काय बजावले, एवढेच ते टिपून ठेवतात. वेतन नाही, सत्कार नाही.

याची गरज का भासावी? अमेरिकेतील ही न्यायालये स्वतंत्र न्यायपालिकेचा भाग नसून न्याय खात्याच्या अखत्यारीत आहेत. न्यायाधीशांची नेमणूक अ‍ॅटर्नी जनरल करतात. म्हणजे हद्दपारी मागणारेही सरकार आणि निवाडा करणारेही सरकार! आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. २०२४ च्या अखेरीस ३५ लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. मे २०२५ पासून तर सुनावणीस स्वतःहून आलेल्यांना न्यायालयाच्या मार्गिकेतच अटक होऊ लागली. १७ जून २०२५ रोजी अशाच एका व्यक्तीसोबत चाललेले शहराचे तत्कालीन कम्पट्रोलर ब्रॅड लँडर यांनाही येथेच ताब्यात घेण्यात आले.

आपल्या देशात कोणी यावे आणि कोणी राहावे, हे ठरविण्याचा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा अधिकार निर्विवाद आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला परत पाठविले गेले. त्यांत महाराष्ट्रातीलही तिघे होते. बेकायदा मार्गाने जाणाऱ्यांचे समर्थन कोणी करू नये. परंतु अधिकार निर्विवाद असला तरी त्याचा वापर निर्दोष असतोच असे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. घुसखोरांना कवच ठरलेला १९८३ चा आयएमडीटी कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केला, तो योग्यच होता. मात्र ३१ ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदणीत आसाममधील १९,०६,६५७ जणांची नावे वगळली गेली, त्यांत बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने होते. नावातील एका अक्षराच्या फरकाने खरा नागरिक परका ठरावा आणि बनावट कागद बाळगणारा घुसखोर मात्र सहीसलामत सुटावा, यात राष्ट्रहित कोणते?

ज्या आंदोलकांना सीमाच नकोशा वाटतात, त्यांच्या हाती साक्षीचे हे काम सोपवून चालणार नाही. सीमा मानणाऱ्यांनीच ते अंगावर घ्यावयास हवे. अशिक्षितांची कागदपत्रे जुळवून देणे, सुनावणीच्या दिवशी सोबत जाणे, जेथे प्रवेश असेल तेथे शांतपणे बसून नोंद ठेवणे, ही कामे साधी, पण चिकाटीची आहेत. 'स्वयंसेवक' या शब्दाचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती जड वाटू नयेत.

पारखून दिलेला निवाडा कोणालाही सहजी मोडता येत नाही. घुसखोराला बाहेर काढणारा हातही अशा निवाड्यानेच बळकट होतो.