हसणार असाल तर साडी चालेल

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. उरण-पनवेल पट्ट्यातली आगरी हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बेंजो वाजायला लागला की रात्री दोनपर्यंत कुणी बसत नाही. आणि आमच्या घरातली कुठलीही हळद माझ्या आतेभावाशिवाय पूर्ण होत नाही. अकराच्या सुमारास तो आत जातो, माझ्या काकीची हिरवी नऊवारी नेसतो, गजरा माळतो, लाली लावतो आणि मंडपात येतो. मग जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही. म्हाताऱ्या बाया कडाकडा बोटं मोडतात, पोरं शिट्ट्या मारतात, बाप्ये नोटा ओवाळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या एका हळदीत त्याच्यावर पाचशेची नोट ओवाळणाऱ्यांत त्याचा साहेबही होता. भाऊ न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचा.

तीन महिन्यांनी भावाने एक रील टाकलं. मंडप नाही, बेंजो नाही, हसणारं कुणी नाही. घरच्या गच्चीवर, नीट मेकअप करून, त्याच नऊवारीत, स्वतःच्या नावाने चाळीस सेकंदांची लावणी. चांगली होती. हळदीपेक्षा कितीतरी चांगली, कारण या वेळी तो हसवायला नाचत नव्हता. सोमवारी त्याच साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावून मोबाईल दाखवला. ‘पार्टीचे लोक येतात, बरं दिसत नाही,’ म्हणाला. भावाची टेबलावरून थेट यार्डात रवानगी झाली. घरी मामा, म्हणजे माझे वडील, त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्याने रील काढून टाकलं.

साडी तीच, माणूस तोच, बघणारेही तेच. मग बदललं काय? मंडपात तो विनोद होता, गच्चीवर कलाकार.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाईच्या वेशातल्या पुरुषाशी महाराष्ट्राचं भांडण नाही. तो गंभीर झाला की भांडण सुरू होतं.

टीव्ही बघा. झी मराठीवर २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि तेव्हापासून साडीतले पुरुष नट आपण जेवताना, पोराबाळांना शेजारी बसवून पाहिले. कुणाची संस्कृती बुडाली नाही. त्या नटांबद्दल माझी तक्रार नाही, विनोद अवघड काम आहे. तक्रार आपल्याबद्दल आहे. पडद्यावरच्या साडीला आपण एक अट घालतो. पुरुषाने ती नेसावी, पण ‘मी खरा असा नाही हं’ हे दर दोन मिनिटांनी सांगत राहावं. मिशी दिसू द्यावी, पदर मुद्दाम पाडावा, चाल बिघडवावी. साडी नीट नेसली, नजर नीट लावली, की प्रेक्षक अस्वस्थ होतो.

आता परदेशात काय झालं ते बघू. २ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतल्या लोगो वाहिनीवर ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’चा पहिला सीझन सुरू झाला. नऊ स्पर्धक, वीस हजार डॉलरचं बक्षीस, आणि चित्र इतकं धूसर की कॅमेऱ्याच्या भिंगाला व्हॅसलीन फासलं होतं असा विनोद चाहते आजही करतात. आमच्या धंद्यात याला व्हर्जन वन म्हणतात. बजेट नाही, बग भरपूर, पण बाहेर पडलं. कॅमेरूनमध्ये जन्मलेली बीबी झहारा बेनेट जिंकली. त्याच सीझनमध्ये ऑन्जिना नावाच्या स्पर्धकाने एक फेरी जिंकल्यावर, रडत रडत, आपण एचआयव्हीबाधित असल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. धूसर चित्राच्या त्या स्वस्त कार्यक्रमाने हे मिळवलं, कारण स्पर्धकाला तिथे विनोद म्हणून उभं केलं नव्हतं. शिवण, चाल, मेकअप, अभिनय यांचे गुण दिले जात होते. ज्याला गुण देता येतात त्या कामात चांगलं-वाईट असतं, हे प्रेक्षकाला आधी मान्य करावं लागतं. स्पर्धेचा खरा फायदा तो.

आणि हे फार लांबचंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पॅरामाउंट प्लसवर ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’चा पहिला सीझन आला. जगभरातल्या चौदा ड्रॅग क्वीन, आणि गाणं स्वतःच्या गळ्यातून, ओठ हलवून नाही. बक्षीस अडीच लाख डॉलर. ब्राझीलची ग्रॅग क्वीन जिंकली. त्या चौदांमध्ये आपल्या मुंबईची राणी कोहिनूर होती, म्हणजे सुशांत दिवगीकर. २०१८ मध्ये झी टीव्हीच्या ‘सा रे ग म प’मध्ये याच कलाकाराने एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज लावून दाखवले होते. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. जगाच्या मंचावर मुंबईची क्वीन गायली. मराठी वाहिन्यांना लावणीच्या स्पर्धा करता आल्या, हे मात्र सुचलं नाही.

इथे दोन प्रकारची माणसं उठून उभी राहतात.

पहिला म्हणतो, हे बाहेरून आलेलं खूळ आहे. काका, तुम्ही न्हावा शेव्यात राहता. माझ्या आजोबांची भातशेती आणि मिठागर या बंदरात गेलं. १९८९ पासून इथे रोज बाहेरचाच माल उतरतो आहे. तुमचा मोबाईल, तुमच्या हळदीच्या डीजेचे स्पीकर, सगळं त्याच डब्यांतून आलं. तेव्हा कुणी संस्कृतीचं सर्टिफिकेट मागितलं नाही.

दुसरा जास्त शिकलेला असतो, म्हणून जास्त धोकादायक. तो म्हणतो, आम्हाला हे कौतुक कशाला सांगता, आमच्याकडे बालगंधर्व होते! होते. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली असताना ते भामिनी म्हणून उभे राहिले. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण हा अभिमान अर्धा आहे. घरंदाज बायकांना रंगभूमीची दारं बंद होती, म्हणून तिथे पुरुष उभे राहिले. आणि त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, तमाशातला नाच्याही बाईसारखाच वागत होता. त्याला कुणी पुरस्कार दिला? एकाला नाट्यगृह, गाणं आणि सवर्ण प्रेक्षक होता. दुसऱ्याला कनात, ढोलकी आणि खालच्या मानलेल्या जाती. एकाचं नाव पुण्यातल्या रंगमंदिराला, दुसऱ्याचं नाव शिवी म्हणून शाळेच्या मैदानात. बाईसारख्या चालणाऱ्या पोराला आमच्या वर्गात ‘बालगंधर्व’ म्हणून कुणी चिडवलं नाही.

गणपत पाटील आठवा. संसार, मुलंबाळं असलेला नट, पण पडद्यावर नाच्या इतका अस्सल उभा केला की लोकांनी पडद्याबाहेरही त्याच नजरेने पाहिलं. २०१० साली ‘नटरंग’ने नाच्याचं दुःख मांडलं, आपण सगळे रडलो. पण नीट बघा. नायक आधी पिळदार शरीराचा पैलवान दाखवावा लागला. ‘हा खरा मर्द आहे, कलेपायी असा झाला’ ही हमी मिळाल्यावरच आपल्याला रडू आलं. जो मुळातच मऊ आहे त्याच्यासाठी आपल्याकडे अश्रू नाहीत, शिट्ट्या आहेत.

म्हणून परंपरा आहे हे उत्तर पुरत नाही. परंपरा आहेच. कोकणातल्या नमनात गवळणी पुरुषच होतात, तमाशातली मावशी पुरुषच असतो, दशावतारातल्या स्त्रीपार्टी पाहायला सिंधुदुर्गात लोक रात्रभर जागतात. अनिल हंकारे यांच्या ‘बिन बायकांचा तमाशा’त सगळ्या लावण्या पुरुषांनीच केल्या. कलाकार आहेत, कसब आहे, प्रेक्षकही आहे. नाही ती फक्त आदराने बघायची सवय.

टीव्हीची स्पर्धा म्हणजे मुक्ती, असं मी म्हणत नाही. ती जाहिराती विकायलाच असते. रुपॉलनेच २०१८ मध्ये ट्रान्स स्पर्धकांबद्दल वाईट विधान केलं आणि मग माफी मागितली. तीन वर्षांनी त्याच कार्यक्रमाच्या ‘ऑल स्टार्स’मध्ये कायली सोनिक लव्ह ही ट्रान्स बाई जिंकली. ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ दोन सीझनमध्ये बंद पडलं. चालेल. चुका करणारा, बंद पडणारा का होईना, पहिला सीझन तर हवा. जे सुरूच झालं नाही त्यात दुरुस्ती कशी करणार?

तेव्हा मराठी वाहिन्यांनो, करा एक. धूसर करा, स्वस्तात करा. नऊवारीची एक फेरी ठेवा, गवळणीची ठेवा, कोळीगीताची ठेवा. परीक्षक म्हणून लावणीतल्या जाणत्या बाईला बसवा, कारण पुरुषाने बाईचं सोंग कसं वठवलं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? स्पर्धकाला त्याने किंवा तिने निवडलेल्या नावाने हाक मारा. आणि पार्श्वभूमीला खोटं हसू टाकू नका. एवढी एकच अट पाळली तरी पुरे.

येत्या वैशाखात माझ्या बहिणीची हळद आहे. भाऊ अजून यार्डातच आहे. मी त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, ‘येईन ना. पण नाचीन शर्ट-पँटीवर.’

मंडपातले लोक विचारतील, का रे, साडी कुठे गेली? तेव्हा त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघावं.