पंचांग खरें कीं चंद्र खरा ?

एकाच शहरांत, एकाच देवीची संधिपूजा एका मंडपांत एका वेळीं व शेजारच्या मंडपांत दुसऱ्याच वेळीं व्हावी, हा प्रकार बंगालमध्यें आजही घडतो. अष्टमीची शेवटची घटका व नवमीची पहिली घटका मिळून 48 मिनिटांचा हा विधि. पण सूर्यसिद्धान्ताची पंजिका आणि 1890 पासून निघणारी विशुद्धसिद्धान्त पंजिका यांच्या अष्टमींत कित्येकदां तासांचें अंतर पडतें. मग कोणाची पूजा वेळेवर झाली ?

वस्तुतः वादाला जागा नाहीं. चंद्र सूर्याच्या पुढें 12 अंश गेला कीं एक तिथि संपते. चंद्राची गति विषम असल्यामुळें तिथि कधीं सुमारें 20 तासांत आटोपते, तर कधीं पावणेसत्तावीस तास लांबते. म्हणजे 50 पासून 67 घटकांपर्यंत. जुन्या मताचे लोक बाणवृद्धि-रसक्षयाचा हवाला देऊन ती 54 व 65 घटकांच्या मध्यें कोंडूं पाहतात. चंद्र त्यांचें ऐकत नाहीं! अमावास्या-पौर्णिमेस जुनें गणित फारसें चुकत नाहीं, म्हणून ग्रहणें बरीचशी जमतात व श्रद्धा टिकते. परंतु सूर्याच्या आकर्षणानें चंद्राच्या गतींत जो आणखी एक फरक पडतो तो अष्टमीच्या सुमारास उघडा पडतो, आणि तेथेंच तें गणित फसतें.

आम्ही वकिली शिकलों त्या शास्त्रांत प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हजर असतां ऐकीव पुरावा कोणी पुढें करीत नाहीं. अष्टमी 84 व्या अंशापासून 96 व्या अंशापर्यंत असते आणि 90 अंशांवर चंद्राचें बिंब बरोबर अर्धें दिसतें. साक्षीदार आकाशांत उभा आहे.

"हें परकीयांचें गणित" अशी ओरड होते. चंद्र काय विलायतेचा आहे ? चंद्राचा हा दुसरा संस्कार मुंजालाने शके 854 च्या आपल्या ग्रंथांत दिलेला आहे. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके 1442 मध्यें ग्रहलाघव रचिलें तें जुने ग्रंथ आकाशाशीं जुळेनात म्हणूनच. त्यांचें नांव घेऊन त्यांचेच आंकडे गोठवून ठेवणें ही गुरुभक्ति नव्हे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं 1865 च्या सुमारास सुधारलेलें पंचांग काढिलें, टिळकांनीं शुद्ध पंचांगाचा पक्ष घेतला; महाराष्ट्रांतील बहुतेक छापील पंचांगें आज दृक्प्रत्ययी आहेत तीं या खटपटीमुळें. पुढें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें 1955 च्या अहवालांत प्रत्यक्षाशीं जुळणाऱ्या गणिताचीच शिफारस केली, व 1957 पासून राष्ट्रीय पंचांग निघूं लागलें.

तरीही कायदा करून कोणाच्या देवघरांत शिरावें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक पंचांगकर्त्यानें आपल्या तिथि कोणत्या ग्रंथावरून साधल्या हें मुखपृष्ठावर छापावें, एवढीच आमची मागणी आहे. आणि ग्राहकानें पैसे देण्यापूर्वीं तें विचारावें. ज्यास संशय असेल त्यानें येत्या शुद्ध अष्टमीस सूर्यास्ताच्या वेळीं अंगणांत यावें. चंद्र तेव्हां माध्याह्नीं असतो. शोधावाही लागत नाहीं.