मिरगाआधी लस द्या



मिरगाचा पाऊस लागला की वैभववाडी तालुक्यात वाडीवाडीतली म्हातारी माणसं धापा टाकू लागतात. ‘दमो वर इलो’ म्हणून आपण सोडून देतो. माझी आई त्यांतलीच. विडी तिने कधी ओढली नाही. पण पन्नास वर्षं ती चुलीपुढे बसली आणि घरात गॅस आला तरी न्हाणीच्या पाण्यासाठी ओली लाकडं फुंकणं सुटलं नाही. तिचं दुखणं दमा नव्हे, सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसाचा रोग आहे, हे कळायला करूळचा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं. तिथे श्वास मोजणारी स्पायरोमेट्री चाचणी झाली, तोवर सहा पावसाळे गेले होते.

श्वासनळीच्या आतली बारीक लव कफ आणि जंतू वर ढकलत असते. वर्षानुवर्षांच्या धुराने ती निकामी होते. जंतू गिळणाऱ्या पेशीही मंदावतात आणि न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे जंतू तिथे ठाण मांडतात. त्यात साधं पडसं झालं, की पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात. कफाचा हिरवा रंग त्यांच्यातल्याच एका विकराचा. पण या पेशी जंतूंबरोबर फुप्फुसाचं अस्तरही कुरतडतात, आणि गेलेला दम पुरता परत येत नाही. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगत काढे पाजणाऱ्यांशी माझं भांडण आहे. या रोगात प्रतिकार नुसता कमी पडत नाही, तो भरकटतो.

खोकल्यागणिक अँटिबायोटिक देणं हाही उपाय नव्हे. धाप वाढली, कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, तर त्याची गरज. एरवी जंतू निर्ढावतात.

न्यूमोकोकसची लस बाळांना २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. आईसाठी मला ती हजारो रुपये मोजून घ्यावी लागली. ही लस हिमोफिलसला रोखत नाही, हे खरं. पण न्यूमोनियाचा एक मोठा धोका तिने कमी होतो, आणि ती दरसाल घ्यावी लागत नाही. फ्लूची मात्र दरवर्षी हवी. मोलमजुरी करणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नाही.

जिल्हा आरोग्य विभागाला कळकळीची विनंती : तालुक्याला स्पायरोमीटर आणि तो चालवणारा माणूस द्या, आणि फुप्फुसाच्या रुग्णांना या दोन्ही लसी मे महिन्यातच मोफत द्या. कोणत्या घरात कोण खोकतंय, हे आशाताईंना ठाऊक आहे. योग्य मोबदला देऊन यादी त्यांच्याकडून करून घ्या.

– एक वाचक, वैभववाडी