मातीच्या तबकड्या आणि मध्यमवर्गाचा नेम

सन १९६२. इजिप्तच्या कैरो शहरात भरलेल्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत बिकानेरचे महाराजा डॉ. करणीसिंह यांनी ट्रॅप प्रकारात रौप्यपदक पटकावले. त्यानंतर साठ वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच कैरोमध्ये ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील दहा मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेता ठरला. एका पदकामागे संस्थानाचे वैभव होते, तर दुसऱ्यामागे शहरातल्या नोकरदार घराची शिस्त होती. भारतीय नेमबाजी राजवाड्यातून वसाहतीपर्यंत पोहोचली, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

तथापि, हा पुरावा अर्धाच आहे. वसाहतीपर्यंत पोहोचली ती रायफल आणि पिस्तूल. महाराजांनी ज्या प्रकारात पदक मिळवले, तो उडत्या तबकड्यांचा खेळ मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलामुलींपासून आजही जवळजवळ तितकाच दूर आहे. तो तसाच दूर राहावा काय, आणि दूर राहू नये असे वाटत असेल तर त्यासाठी कोणी काय करावे, याचा विचार पालकांनी, क्रीडा कार्यकर्त्यांनी आणि शासनाने एकत्रितपणे केला पाहिजे.

खेळाचे स्वरूप

ट्रॅप म्हणजे सापळा. पूर्वी युरोपात जिवंत कबुतरे सापळ्यातून अचानक सोडून त्यांच्यावर बार टाकण्याचा शौक होता. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरांवरील नेमबाजी झाली. पुढे सुसंस्कृत समाजाला त्या क्रौर्याची लाज वाटली आणि पक्ष्यांच्या जागी तबकड्या आल्या. नावात 'माती' असली तरी आजची तबकडी डांबरसदृश पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांपासून बनते. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. म्हणजे ज्या खेळाचा उगम हिंसेत होता, तो खेळ आज एकाही जिवाला धक्का न लावता खेळला जातो. शस्त्र म्हटले की कपाळावर आठी उमटणाऱ्या सज्जनांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

खेळाडूंच्या पुढे पंधरा मीटरवर जमिनीखालच्या खंदकात पंधरा यंत्रे बसवलेली असतात. खेळाडूने आवाज देताच त्यांपैकी एका यंत्रातून तबकडी सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की समोर, याची त्याला कल्पना नसते. तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. बारा बोअरच्या दुनळी बंदुकीतून तिच्यावर दोन बार टाकण्याची मुभा असते. पाच स्थानांवर फिरत पंचवीस तबकड्यांची एक फेरी आणि अशा पाच फेऱ्या, म्हणजे १२५ तबकड्या, ही प्राथमिक फेरीची चाळणी. स्कीट हा याचाच भाऊबंद. त्यात उंच आणि बुटक्या अशा दोन मनोऱ्यांतून तबकड्या सुटतात, त्यांचे मार्ग ठरलेले असतात आणि प्रत्येक तबकडीवर एकच बार टाकता येतो. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, तो डबल ट्रॅप हा प्रकार मात्र २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

रायफल आणि ट्रॅप यांची प्रकृती परस्परविरोधी आहे. रायफलीत श्वास रोखून स्थिर व्हायचे असते, ट्रॅपमध्ये स्थिर राहणारा हरतो. तेथे नजर बंदुकीच्या टोकावर नव्हे, तर तबकडीवर खिळलेली असावी लागते. गाल दस्त्याला घट्ट टेकलेला आणि कमरेपासूनचे संपूर्ण शरीर तबकडीबरोबर वळणारे असावे लागते. विचार करायला क्षणभर थांबलेल्याची तबकडी निसटून गेलेली असते. म्हणूनच एअर रायफलीत न रमणारे एखादे चपळ मूल या खेळात चमकू शकते. अशा मुलांना आपल्या भागात वावच नाही, ही खरी हानी आहे.

रायफल पोहोचली, बंदूक का नाही?

महाराष्ट्राची रायफल-पिस्तुलातील परंपरा उज्ज्वल आहे. अंजली भागवत यांची सुरुवात महाविद्यालयातील एनसीसीतून झाली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथे ४०० पैकी ४०० गुणांची नोंद केली आणि पुढे पनवेलजवळ नव्या पिढीसाठी प्रशिक्षण केंद्र उभे केले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या, तर राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०२४ मध्ये त्याने पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवले. यांतील बहुतेक घरे मध्यमवर्गीय आहेत.

हे घडले, कारण दहा मीटरची रेंज एखाद्या सभागृहातही उभी राहू शकते. ४.५ मिलिमीटरच्या, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या शक्तीच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही आणि तिचे छर्रे स्वस्त असतात. उडत्या तबकड्यांचे गणित याच्या नेमके उलट आहे. छर्रे जेथवर जाऊन पडतात, तो सुमारे अडीचशे-तीनशे मीटरचा पट्टा पूर्णपणे निर्मनुष्य ठेवावा लागतो. डोंबिवलीत जेथे मुलांना क्रिकेटसाठी पुरेसे मैदान मिळत नाही, तेथे एवढी जागा कोठून येणार? दुसरी अडचण काडतुसांची. दिवसाला चार फेऱ्यांचा सराव म्हटला तरी शंभर तबकड्या होतात आणि त्यांच्यासाठी शंभर ते दोनशे काडतुसे लागतात. एकेका काडतुसाला वडापावाहून अधिक पैसे पडतात. स्पर्धेच्या दर्जाची इटालियन बंदूक काही लाखांच्या घरात जाते. घराचा हप्ता, शिकवणीची फी आणि लोकलचा पास सांभाळणाऱ्या कुटुंबाने हा आकडा ऐकूनच माघार घ्यावी, अशी ही परिस्थिती आहे.

त्यात नियमांची एक गाठ आहे. परदेशी बंदूक सवलतीने आयात करण्याचा अधिकार राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवणाऱ्या नेमबाजालाच मिळतो. परंतु चांगल्या बंदुकीवाचून ते गुण मिळवायचे कसे? ज्याच्या घरी पिढीजात बंदूक आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. पडतो तो पहिल्या पिढीच्या खेळाडूला.

याचा परिणाम संघाच्या यादीत दिसतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅपसाठी भारताचे तीन खेळाडू होते. पृथ्वीराज तोंडैमान हे पुदुक्कोट्टईच्या राजघराण्यातील, राजेश्वरी कुमारी या पतियाळाच्या राजघराण्यातील, तर श्रेयसी सिंह या माजी केंद्रीय मंत्र्यांच्या कन्या आणि स्वतः आमदार. या तिघांचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे आहे आणि त्याविषयी आदरच असला पाहिजे. यंत्रातून सुटलेली तबकडी समोरच्याचे घराणे विचारत नाही. पण त्या यंत्रासमोर उभे राहण्याची संधी मात्र घराणे पाहून मिळत असेल, तर एवढ्या मोठ्या देशातील गुणवत्तेचा फार छोटा भाग आपण वापरतो आहोत, असाच त्याचा अर्थ होतो.

भोपाळने दाखवलेली वाट

ही कोंडी फुटू शकते, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने सिद्ध केले आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला ट्रॅप संघाने रौप्यपदक जिंकले. त्या संघात राजेश्वरी कुमारी होत्या, त्यांच्या खांद्याला खांदा लावून भोपाळच्या मासेमार कुटुंबातील मनीषा कीर होती आणि इटारसीच्या एका सामान्य घरातील प्रीती रजक होती. प्रीती पुढे भारतीय सेनेत सुभेदारपदापर्यंत पोहोचलेली पहिली महिला ठरली. मनीषा आणि प्रीती या दोघीही भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडल्या. बंदूक अकादमीची, काडतुसे अकादमीची, रेंज शासनाची. मुलींनी आणायचे ते फक्त डोळे, खांदे आणि जिद्द. राजकन्या आणि मासेमाराची लेक एकाच व्यासपीठावर एकाच पदकाच्या मानकरी झाल्या, ही सामाजिक समरसता भाषणांतून नव्हे, तर एका सुसज्ज रेंजमधून साकारली.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या मराठी कुटुंबातील हे वकील पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची पात्रता स्पर्धा आजही नेमबाजांमध्ये 'मावळंकर' याच नावाने ओळखली जाते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे तयार झाली आहेत. कल्याणच्या पुढे अंबरनाथला आयुध कारखाना आहे. संघटना, काडतूस आणि कारागिरी या तिन्ही बाबतींत मराठी मुलुखाचा वाटा असताना, तबकडीवर नेम धरण्यासाठी मात्र ठाणे जिल्ह्यातील मुलाने दिल्लीच्या तुघलकाबादची, जयपूरची किंवा पतियाळाची वाट धरावी, हे खचितच भूषणावह नाही.

मुरबाड-शहापूरच्या बाजूला, वस्तीपासून दूर, शासनाने एक सार्वजनिक शॉटगन रेंज उभारावी. तेथे कुलूपबंद शस्त्रागारात संस्थेच्या मालकीच्या बंदुका असाव्यात आणि निवडक होतकरू खेळाडूंना काडतुसे अनुदानाने मिळावीत. क्रीडा प्रबोधिनीने रायफलीसाठी जे केले, ते शॉटगनसाठीही करावे. या मागणीला आक्षेपही आहेत आणि ते गंभीर आहेत. शिशाचे छर्रे जमिनीत आणि पाण्यात मिसळले तर विष पसरते. म्हणून पाणवठ्याजवळची जागा टाळणे आणि पडलेले शिसे वेळोवेळी गोळा करणे ही अट मूळ आराखड्यातच असली पाहिजे. आवाजाचा त्रास आदिवासी पाड्यांना होऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागेल. शहराच्या खेळासाठी गावाने त्रास सोसावा, हा न्याय नव्हे. रेंजवर पहिला हक्क तेथील पाड्यांतल्या मुलांना मिळाला, तरच ती आपली वाटेल.

पालकांनी काय करावे?

रेंज होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पहिली पायरी एअर रायफलीचीच असावी. तिच्यातून ट्रॅपचे तंत्र येत नाही, परंतु शस्त्राची शिस्त निश्चित येते. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे मानावे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळू नये. स्वतःची पाळी येईपर्यंत बोट चापाला लागू नये. बारा बोअरची बंदूक रेंजवर वाहून नेताना ती उघडी आणि रिकामी असावी. कानांना आणि डोळ्यांना संरक्षक साधनांवाचून उभे राहू नये. हे नियम अंगवळणी पडल्यानंतरच पुढचा विचार करावा.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. आपला उजवा डोळा प्रबळ की डावा, हे प्रारंभीच तपासावे. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा प्रबळ, अशी विजोड असल्यास तबकडी का चुकते हे वर्षभर कळत नाही. तिसरी गोष्ट बंदूक घेण्याची घाई न करण्याची. प्रथम राज्य संघटनेशी संलग्न क्लबाचे सदस्य व्हावे, सुटीत एखाद्या मान्यताप्राप्त रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काही फेऱ्या खेळून पाहाव्यात, आणि मुलाचा कल पक्का झाल्यावरच खर्चाकडे वळावे. दस्त्याची लांबी खेळाडूच्या हाताला जुळावी लागते. वाढत्या वयाच्या मुलासाठी महागडी बंदूक घेणे म्हणजे पुढील वर्षी आखूड होणारा कोट शिवण्यासारखे आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना नियमांच्या चौकटीत, देखरेखीखाली सराव करता येतो, परंतु स्वतःच्या नावाचा परवाना एकविसाव्या वर्षापूर्वी मिळत नाही. कल्याण-डोंबिवलीकरांसाठी परवान्याचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे जातो. चौकशीला वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे. ओळखीने तो वेळ वाचवू पाहणाऱ्याने खेळाच्या पहिल्याच पायरीवर शिस्त मोडलेली असते. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूद केली, ती योग्यच आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे पूजतो, ती मिरवण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या मर्यादेचे भान राहावे म्हणून. खेळाडू आणि शौकीन यांतील फरक हाच आहे.

शेवटी, यशाची हमी कोणीही देऊ नये. रुद्रांक्षने पॅरिस ऑलिंपिकसाठी देशाला एक जागा मिळवून दिली, परंतु निवड चाचण्यांनंतर संघात त्याचे नाव नव्हते. विश्वविजेत्यालाही हे सोसावे लागते. म्हणून जमवलेली सारी पुंजी एका मुलाच्या नेमावर लावणे हे शहाणपणाचे नाही, आणि समाजाने एकेका पित्याला तसे करायला भाग पाडणे हे त्याहून शहाणपणाचे नाही. महाराजांना समाजाची मदत लागत नव्हती, मासेमाराच्या लेकीला ती लागली आणि एका राज्याने ती दिली. ठाणे जिल्ह्यातील अशाच एखाद्या मुलीसाठी मुरबाडच्या माळावर पहिली तबकडी केव्हा उडणार, याचे उत्तर महाराष्ट्राने द्यायचे आहे.